वाजलं म्हणणारी

वस्तू पडण्याची धाकटीला पहिल्यापासून धास्ती. कपाटावरचा डबा कडेला आलेला दिसला की समोरचा माणूस काय बोलतोय ते तिला ऐकू यायचं नाही. डबा आत सरकेपर्यंत तिचा जीव त्या कडेवर. पुढे लग्न होऊन ती फोटोवाल्यांच्या घरात आली आणि तिच्या धास्तीला आयतंच काम मिळालं.

घरात दोघी जावा. थोरली फोटो काढायची, धाकटी सामान सांभाळायची. पुढच्या खोलीत स्टुडिओ होता, तिथे थोरलीचा शब्द चाले. मागच्या खोलीत फळ्या, पेट्या आणि बॅगा, तिथे धाकटीचं राज्य. जुन्या रजईचे तुकडे घालून तिने कॅमेऱ्यांना जाड पिशव्या शिवल्या होत्या. पेटीतला फोम तिने एकेका लेन्सच्या मापाने स्वतः कापला होता, असा नेमका की पेटी उलटी धरली तरी लेन्स जागची हलू नये. शिवाय दोऱ्या. कॅमेऱ्याला दोरी, स्टँडला दोरी, टोपणालासुद्धा दोरी.

"हिचं चाललं असतं तर हिने मलाही बांधून ठेवलं असतं," थोरली गिऱ्हाइकांना सांगायची.

"तुम्हाला साखळी लागेल, जाऊबाई," धाकटी पेटीतून मान वर न काढता म्हणायची. "दोरी पुरायची नाही."

धंदा सासऱ्यांनी उभा केलेला. ते गेले त्याला चार वर्षं झाली होती, पण त्यांनी घालून दिलेले दोन नियम घरात अजून तसेच पाळले जात. पहिला देण्याघेण्याचा. वस्तू घेणारा "धरलं" म्हणत नाही तोवर देणाऱ्याने बोट सैल करायचं नाही. दुसरा नियम लेन्सचा. लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवून फिरवली की शेवटी एक बारीक खटका बसतो, टक् असा. तो खटका म्हणजे कुलूप. कुलूप न लागताही लेन्स बसल्यासारखी दिसते, फोटोही निघतात, पण ती उलटी फिरून कधी निसटेल याचा नेम नाही. सासरे म्हणत, लावणाऱ्याचं मन पुढच्या फोटोत गेलेलं असतं, त्याच्या कानावर भरवसा ठेवू नका. एकाने लावायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ऐकणाऱ्याने "वाजलं" म्हटलं की मगच लावणाऱ्याने हात काढायचा.

अकरा वर्षं थोरली लावत होती आणि धाकटी ऐकत होती. "वाजलं" हा शब्द तिच्या तोंडून इतक्या वेळा गेला होता की श्वासासारखा आपोआप येई.

त्या दिवशी काम शाळेतलं होतं. शाळेला शंभर वर्षं झाल्याचा अंक निघणार होता आणि त्याच्या मुखपृष्ठासाठी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, मुलांचं सूर्यफूल हवं होतं. खेळाच्या हॉलमध्ये एकशे बारा मुलांनी जमिनीवर उताणं झोपायचं. बाहेरची मुलं पिवळ्या टोप्यांची, त्या पाकळ्या. मधली चोवीस अगदी लहान, बालवर्गातली, काळ्या टोप्यांची, त्या बिया. फोटो काढायचा बरोब्बर वरून.

हॉलला एका बाजूने लाकडी सज्जा होता, दोन मजल्यांएवढ्या उंचीवर. सज्ज्याच्या कठड्याला दोघींनी लांब ॲल्युमिनियमची नळी आतबाहेर सरकेल अशी क्लॅम्पमध्ये बसवली. नळीचं पुढचं टोक हॉलच्या मध्यावर आलं, मागच्या टोकाला वाळूची पिशवी. पुढच्या टोकाला कॅमेरा, तोंड थेट खाली. धाकटीने कॅमेऱ्याला दोन दोऱ्या बांधल्या आणि नळीला तिसरी.

राहिली लेन्स. एवढं मोठं फूल एका चौकटीत मावायचं तर रुंद भाग टिपणारी लेन्स हवी. ती आखूड होती, पण हातात घेतली की मनगट खाली जावं अशी जड. नेहमीच्या मोठ्या लेन्सना दोरी ओवायला कडी असते, हिला नव्हती. म्हणून धाकटीने तिच्यासाठी कापडी पट्टा शिवला होता.

"तो काढ," थोरली म्हणाली. "पट्ट्याखाली झूमची रिंग अडते."

"उघडी टांगायची?"

"कॅमेऱ्याला दोन दोऱ्या आहेत ना."

"कॅमेऱ्याला आहेत. हिला कुठे आहे?"

"हिला खटका आहे," थोरली म्हणाली. "कॅमेरा बनवणाऱ्यांनी काहीतरी विचार केला असेलच की. सगळा विचार तूच एकटीने करायचा असं थोडंच आहे."

धाकटीने पट्टा काढून खिशात ठेवला. तेवढ्यात खाली दारं उघडली आणि मुलं आत आली. एकशे बारा मुलं म्हणजे आवाज केवढा, ते मुलांत वावरलेल्याला सांगायला नको. त्यांच्यामागून खेळाच्या बाई आल्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. सज्ज्याचा जिना चढून शाळेचे कारकूनकाका आले. त्यांच्या हातात मुलांची यादी होती. कोण आलं, कोण नाही, ते वरून बघून ते खुणा करणार होते.

त्या गोंगाटात थोरलीने नळी आत ओढून लेन्स कॅमेऱ्यावर ठेवली, पांढरा ठिपका ठिपक्याला जुळवला आणि फिरवली. धाकटीने कान पुढे केला.

टक्.

"वाजलं," धाकटी म्हणाली.

थोरलीने हात काढला. नळी बाहेर सरकली. दोन चाचणीचे फोटो काढल्यावर थोरलीला चौकट अजून रुंद हवीशी वाटली, म्हणून नळी आत ओढून तिने झूमची रिंग जोराने डावीकडे फिरवली आणि नळी पुन्हा बाहेर लोटली.

खाली शिट्टीबाई मुलांना जागच्या जागी झोपवत होत्या. चोवीस बियांच्या अगदी मध्ये एक गोबऱ्या गालांचा मुलगा होता, त्याला सगळे फुग्या म्हणत. तीनदा झोपवला, तीनदा उठून बसला.

"फुग्या, तू फुलाच्या मधोमध आहेस," शिट्टीबाई त्याच्याशेजारी बसून म्हणाल्या. "तू हललास तर अख्खं फूल मोडेल. शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. कोणी काही म्हणो."

"नाक खाजलं तर?"

"खाजू दे."

"मुंगी आली तर?"

"मुंगी मी बघते. तू डोळे मीट आणि शिट्टीची वाट बघ."

फुग्याने डोळे इतके घट्ट मिटले की त्याचा सगळा चेहरा गोळा झाला. शिट्टीबाई उठून भिंतीशी गेल्या आणि त्यांनी हात वर केला. हळूहळू हॉल शांत झाला. एकशे बारा मुलं छताकडे तोंड करून पडली होती. श्वासांचा आवाज येईल इतकं शांत.

सज्ज्यावर थोरली कॅमेऱ्याला वायरने जोडलेल्या लॅपटॉपपुढे वाकली. "पडद्यावरचे लेन्सचे आकडे गेले परत," ती कुजबुजली. "मघापासून येतात नि जातात. वायर बघ गं जरा."

धाकटीने वायर पाहिली. वायर ठीक होती. पलीकडे कारकूनकाका यादीवर खूण करायला वाकले आणि त्यांनी पेन दाबलं.

टक्.

धाकटीची मान आपोआप वळली. काकांनी खूण केली आणि पेन पुन्हा दाबलं. टक्. तोच आवाज. मघा लेन्स लावताना तिने ऐकला होता तो. काका तेव्हाही तिच्या डाव्या हाताला असेच उभे होते, असेच पेन धरून.

तिने नळीच्या टोकाकडे पाहिलं. लेन्स कुलपात बसली की तिच्यावरचा पांढरा ठिपका कॅमेऱ्याच्या बटणासमोर यायला हवा. तो बटणाच्या बोटभर अलीकडे होता. मघा थोरलीने रिंग जोराने फिरवली तेव्हा रिंगबरोबर सगळी लेन्सच मागे आली होती. अजून तेवढीच फिरली की ठिपका ठिपक्याला जुळणार आणि लेन्स सुटणार.

आणि खाली, सरळ रेषेत खाली, फुग्याचा गोळा झालेला चेहरा.

यानंतरचे काही क्षण धाकटी पुढे कधीच विसरली नाही, कारण त्या क्षणांत ती गप्प राहिली. तिला तोंड उघडायचं होतं, पण आधी मनात दुसरंच आलं. वाजलं असं तूच म्हणालीस. अकरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तू इथे उभी राहतेस, ती न करता म्हणालीस. कदाचित ठिपका उजेडामुळे तसा दिसत असेल. कदाचित नळी हळूच आत ओढली तर कोणाला कळणारही नाही. हे सगळं मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यात कारकूनकाकांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. सज्ज्याची फळी किंचित करकरली. नळीचं टोक थरथरलं. ठिपका केसभर सरकला.

"काका, हलू नका," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटेना. "आहात तिथेच उभे राहा. पाऊल उचलू नका."

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"जाऊबाई, वाजलं नव्हतं."

"काय वाजलं नव्हतं?"

"लेन्स. मी काकांचं पेन ऐकलं. ठिपका बघा."

थोरलीने पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना धाकटीने पाहिला. थोरलीचा हात नळीकडे गेला.

"नका," धाकटी म्हणाली. "ओढलं की हिसका बसेल. आधी मुलं."

"मग ओरडून सांग, उठा म्हणावं."

"ओरडलं तर उठून बसतील आणि वर बघत राहतील. धावली तर मधूनच धावतील."

"मग शिट्टी वाजवायला सांग."

"शिट्टी वाजली की एकशे बारा एकदम उड्या मारतील. सगळा हॉल हलेल."

थोरलीने हात मागे घेतला. कारकूनकाका पेन छातीशी धरून खांबासारखे उभे होते आणि श्वाससुद्धा हिशेबाने घेत होते.

धाकटीने कठडा दोन्ही हातांनी धरला, नळीपासून दूर. फळी हलू नये म्हणून तिने पाय जागीच रोवले. मग ती बोलू लागली, लहान मुलांशी बोलताना लागतो तितक्याच मोठ्या आवाजात आणि तितक्याच सावकाश.

"सूर्यफुलाच्या मुलांनो, झोपूनच ऐका. फार छान फूल झालंय. आता या फुलाला वारा लागणार आहे. वारा लागला की फूल उघडतं. कोणी उठायचं नाही. उठलं की फूल तुटतं. फक्त गडगडायचं."

खाली थोडीशी खसखस पिकली. भिंतीजवळच्या शिट्टीबाईंनी चमकून वर पाहिलं. असं काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी आधी धाकटीचा चेहरा पाहिला, मग थोरलीचा, मग दोघींची नजर कुठे आहे ते पाहिलं. ओठांजवळ गेलेली शिट्टी त्यांनी हळूच खाली सोडली.

"दाराकडच्या पिवळ्या पाकळ्या," धाकटी म्हणाली. "फक्त दाराकडच्या. दाराच्या दिशेने गडगडत जा. सावकाश. शेजारच्याला धक्का देईल तो बाद."

पंधरा-वीस मुलं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळत दाराकडे निघाली. हसू दाबल्याचे आवाज येत होते. मधून बाहेर जायला वाट मोकळी झाली. धाकटीला ठिपक्याकडे बघायचं नव्हतं आणि तिथून नजर हलवताही येत नव्हती. लेन्सची काच खालून मुलांना डोळ्यासारखी दिसत असेल, असं तिला वाटून गेलं.

"शाब्बास. आता काळ्या बिया. बी पाकळीच्या मागे जाते. वाट दिसतेय ना? त्या वाटेने गडगडा. एकामागून एक."

बालवर्गातल्या मुलांना एकामागून एक म्हणजे काय ते नीट कळत नाही. तीन जणी एकदम निघाल्या आणि एकमेकींवर चढल्या. एक मुलगा उलट्याच दिशेला, भिंतीकडे निघाला. शिट्टीबाई गुडघ्यांवर बसून, हात पसरून, वाटेच्या तोंडाशी आल्या आणि एकेकाला हलकेच ढकलू लागल्या. "ये बी. ये. तू पण ये." त्यांचा आवाज अगदी गोड होता आणि मान मात्र एकसारखी वर जात होती.

धाकटी मनात मोजत होती. अठरा. एकोणीस. उलट्या गेलेल्याला एका पाकळीने पाय धरून वळवलं. बावीस. तेवीस.

चोविसावा जागचा हलला नव्हता.

"फुग्या," धाकटी म्हणाली. "तुझी पाळी."

फुग्याचे डोळे मिटलेलेच. हात अंगाला चिकटलेले.

"फुग्या, बाळा, गडगड."

"शिट्टी नाही झाली," फुग्या डोळे न उघडता म्हणाला.

"आता शिट्टी नाही. आता वारा."

"बाई म्हणाल्या, कोणी काही म्हणो." त्याने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. "तुम्ही मला फसवताय."

पिवळ्या पाकळ्या मोठ्याने हसल्या. कोणीतरी दोन्ही टाचा जमिनीवर आपटल्या, एकाचं बघून दुसऱ्याने, मग पाच-सहा जणांनी. तो धडधडाट भिंतीतून सज्ज्यात आला. नळी थरथरली. धाकटीच्या डोळ्यांदेखत ठिपका सरकला, थांबला, सरकला.

"जाऊबाई," ती कशीबशी म्हणाली.

"बघतेय," थोरली म्हणाली.

शिट्टीबाई उठल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पळाल्याही नाहीत. बूट काढून, वर्गात फेरी मारायला निघाल्यासारख्या त्या मोकळ्या वाटेने चालत मध्यावर गेल्या. लेन्सच्या बरोब्बर खाली त्या वाकल्या तेव्हा त्यांची पाठ आणि पांढुरका अंबाडा धाकटीला वरून दिसला. धाकटीने डोळे मिटले नाहीत. मिटावेसे फार वाटले.

शिट्टीबाईंनी फुग्याचे दोन्ही घोटे धरले आणि त्याला गुळगुळीत जमिनीवरून ओढत नेलं. तो पाठीवर घसरत गेला. आधी घाबरला, मग खुदखुदायला लागला. त्याची काळी टोपी मात्र मागेच राहिली. दारापाशी पोचल्यावर शिट्टीबाईंनी त्याला पोटाशी घेतलं आणि एक हात वर केला. मधला सगळा भाग रिकामा होता.

"आता," थोरली म्हणाली.

दोघींनी नळी धरली. "धरलं," धाकटी म्हणाली. "धरलं," थोरली म्हणाली. मागे घेण्यासाठी त्यांनी नळी जेमतेम वीतभर ओढली असेल. लेन्स सावकाश अर्धवट वळली, जशी एखाद्याने बोटांनी फिरवावी तशी, आणि सुटली.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकडावर जड वस्तू पडल्याचा एकच बद्द आवाज. मग काचेचा एक तुकडा निसटून गोल गोल फिरत राहिला आणि थांबला. जमिनीच्या फळीला खोक पडली होती. फुग्याची टोपी तिथून हातभरावर होती.

एकही मूल हसलं नाही. मुलांना कळतं. त्यांना सांगावं लागत नाही.

थोरली आणि धाकटी खाली आल्या तोवर मोठ्या बाई हॉलमध्ये पोचल्या होत्या. शिट्टीबाई एकेका मुलाच्या डोक्याला हात लावून मोजत होत्या. एकशे बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून. कारकूनकाका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. पेन त्यांनी खिशात टाकलं होतं आणि खिशावर हात दाबून धरला होता, जणू ते पुन्हा वाजेल.

"कोणाला लागलंय का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही," थोरली म्हणाली. "काम आमचं, चूकही आमची. लेन्स मी लावली."

"वाजलं असं मी म्हटलं," धाकटी म्हणाली.

मोठ्या बाईंना त्यातलं काही कळलं नाही आणि त्यांना ते नकोही होतं. त्या थोड्या बाजूला सरकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "देवाच्या दयेने निभावलं. लागलं कोणालाच नाही. आता हे घरोघरी पोचवून पालकांना घाबरवण्यात काही अर्थ नाही. मुलांना सांगू, फोटोवाल्यांची एक वस्तू पडली. ते खरंच आहे. तुमच्याकडे दुसरी लेन्स असेल ना?"

"आहे," थोरली म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "पण टांगणार नाही. जिन्यावर उभे करा, जमिनीवरून काढते. फूल नाही होणार."

"मुखपृष्ठाचं काय?"

"मुखपृष्ठावर एकशे बारा मुलं असतील," थोरली म्हणाली. मग ती धाकटीकडे वळली. रागावेल असं धाकटीला वाटलं, आणि रागावली असती तर बरं वाटलं असतं. थोरली फक्त म्हणाली, "पट्टा मी काढायला लावला. हे मला माहीत आहे. तू मध्ये बोलू नकोस."

मुलं जिन्याकडे निघाली. धाकटी काचा वेचायला खाली बसली. तिने काचेचा मोठा तुकडा रुमालात ठेवला. रुमालावर सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं. फुग्या उभा होता. टोपी घ्यायला आला होता, पण टोपी सोडून फळीवरच्या खोकीकडे बघत होता.

"मी इथे होतो," तो म्हणाला.

"हो."

"ते माझ्यावर पडणार होतं?"

मोठ्या बाईंनी सांगितलेलं वाक्य धाकटीच्या जिभेवर तयार होतं. वस्तू पडली, ते खरंच होतं. ते म्हणणं अगदी सोपं होतं, मघाच्या 'वाजलं'इतकं सोपं. तिने फुग्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो रडवेला नव्हता. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "तू तिथेच राहिला असतास तर पडलं असतं."

फुग्याने विचार केला. "म्हणून वारा?"

"म्हणून वारा."

"मग मला खरं का नाही सांगितलं? मी उठलो असतो."

"मी घाबरले होते," धाकटी म्हणाली. "तुम्ही सगळे एकदम घाबराल असं वाटलं मला. पण तुझं बरोबर आहे. तुला खरं सांगितलं असतं तर तू लगेच उठला असतास. ते माझ्या डोक्यात आलं नाही."

"मोठ्या माणसांच्या येत नाही डोक्यात," फुग्या म्हणाला. त्याने टोपी उचलली, झटकली आणि खोकीत एक बोट घालून पाहिलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. ते त्याने घाईघाईने बाहेर काढलं आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. आत्ता त्याचा ओठ थरथरायला लागला.

धाकटीने त्याला जवळ ओढलं. तो तिच्या खांद्याला चिकटला. एवढंसं ते डोकं, केस घामाने ओले. त्याचं वजन हातावर आलं तसं तिच्या अंगातून भीती पुन्हा एकदा मुळापासून वर आली. मघा वर उभी असताना आली होती त्यापेक्षा मोठी, कारण आता तिला माहीत होतं, तिथे नेमकं काय होतं.

"आईला कोण सांगणार?" फुग्याने खांद्यात तोंड खुपसूनच विचारलं. "मी सांगितलं तर ती म्हणेल, तू थापा मारतोस."

"मी सांगते."

"ती फार ओरडते."

"ओरडू दे."

शाळा सुटायला अजून दीड तास होता. तेवढ्या वेळात थोरलीने जिन्यावर उभ्या केलेल्या मुलांचे फोटो काढले, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, आणि धाकटीने सगळं सामान बांधलं. लेन्सचे तुकडे तिने पेटीत लेन्सच्याच खोबणीत ठेवले. ते तिथे बसेनात. झाकण लागत नव्हतं, म्हणून तिने पेटी तशीच उघडी ठेवली.

"गाडी आलीय," थोरली म्हणाली. "चल."

"तुम्ही व्हा पुढे. मी फाटकाशी थांबते."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "मोठ्या बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना? पुढच्या वर्षीचं काम हातचं जाईल."

"ऐकलं."

थोरलीने गाडीवाल्याला हाताने थांबायला सांगितलं, खांद्यावरची बॅग काढून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवली आणि धाकटीच्या शेजारी बसली. रस्त्यावर पालक जमू लागले. कोणी हातात पिशव्या घेऊन, कोणी फोनवर बोलत, कोणी नुसतेच फाटकाकडे बघत. घंटा झाली. मुलं बाहेर आली आणि फुग्या गर्दीतून वाट काढत सरळ धाकटीपाशी येऊन उभा राहिला.

"कोणती तुझी आई?" धाकटीने विचारलं.

फुग्याने बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे निळा कुर्ता घातलेली एक बाई गाड्या थांबायची वाट बघत उभी होती. मुलगा दिसला तशी तिने लांबूनच हात हलवला आणि हसली.

धाकटी उठून उभी राहिली.